अदंभित्वानंतर अहिंसा: एका फरच्या पट्टीची गोष्ट



काल आपण गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या अदंभित्वावर थांबलो होतो. आजचं लक्षण अहिंसा.

खरं सांगतो, या शब्दापाशी आलो की मला नेहमी हायसं वाटायचं. बाकीची लक्षणं अवघड आहेत. मान नको वाटणं अवघड, दंभ सोडणं त्याहून अवघड. पण अहिंसा? घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे, बाथरूममध्ये मुंग्यांची रांग दिसली तर पाणी ओतायच्या आधी दोन मिनिटं थांबतो. म्हणजे या विषयात आपण पास, असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं होतं. ते कसं हललं, ते आज लिहितोय. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात मी फारसा चांगला दिसत नाही. पण काल अदंभित्वावर एवढं लिहून आज ही गोष्ट लपवली, तर कालचं सगळंच खोटं ठरेल.

२०१९ च्या हिवाळ्यात मी कामासाठी डेन्मार्कला गेलो. डिसेंबरात कोपनहेगनमध्ये दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि समुद्रावरून येणारा वारा पुण्याहून नेलेल्या जॅकेटला अजिबात जुमानत नाही. माझ्या टीममध्ये जटलंडच्या एका खेड्यातून आलेला सहकारी होता. दोन दिवस माझी अवस्था बघून तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं जाड जॅकेट आणून दिलं. म्हणाला, माझ्याकडे दोन आहेत, हे तू ठेव. टोपीच्या कडेला तपकिरी रंगाची मऊ पट्टी होती. "ही माझ्या आईने लावली आहे. आमच्याच फार्मवरच्या मिंकची आहे," हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आपल्याकडे कोणी शेतावरचे तांदूळ आणून देतं ना, अगदी तसं.

मी थँक्यू म्हणालो आणि जॅकेट घातलं. मिंक म्हणजे काय, हे विचारलं नाही. काहीतरी उंची कापड असेल, इतकंच डोक्यात आलं. पानात मीठ वाढलं तरी त्यात कांदा-लसूण नाही ना, हे विचारणारा मी. एका प्राण्याचं कातडं गालाला लावून वर्षभर फिरलो आणि एकदाही विचारलं नाही.

मग २०२० चा नोव्हेंबर आला. करोनाचा विषाणू मिंकमध्ये शिरला होता, तिथे त्याचं रूप बदललं आणि ते बदललेलं रूप माणसांत परत आलं. ४ नोव्हेंबरला पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी जाहीर केलं की देशातल्या सगळ्या मिंक मारून टाकायच्या. आकडा दीड कोटीच्या वर, जवळजवळ एक कोटी सत्तर लाखांपर्यंत सांगितला जात होता. डेन्मार्कची माणसांची लोकसंख्या साठ लाखांहून कमी. म्हणजे त्या देशात प्रत्येक माणसामागे पिंजऱ्यात जवळपास तीन मिंक होत्या, आणि मी वर्षभर राहून एकही पाहिली नव्हती. पुढच्या काही दिवसांत कळलं की संसर्ग नसलेल्या भागातल्या मिंक मारायला लावण्याचा कायदेशीर अधिकारच सरकारकडे नव्हता. त्यावरून मोन्स येन्सन या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. तोवर बहुतेक मिंक मेल्या होत्या. होल्स्टेब्रो गावाजवळ त्यांना रेताड जमिनीत घाईघाईने पुरलं होतं. कुजताना तयार झालेल्या वायूमुळे ती प्रेतं फुगून जमिनीतून वर आली. ते फोटो जगभर गेले.

त्या आठवड्यात एका सकाळच्या कॉलवर माझा सहकारी कॅमेरा बंद ठेवून बसला होता. नंतर एकट्याने बोललो तेव्हा म्हणाला, "बाबा काल रात्रभर शेडमध्ये उभे होते." त्याचा आवाज चिरका झाला होता.

फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा: यातल्या बहुतेक मिंक महिन्याभरात तशाही मारल्याच जाणार होत्या. मग हे रडणं कशाचं?

या विचाराची मला आज लाज वाटते. विचार चुकीचा होता म्हणून ही लाज नाही. तो मी ज्या ऐटीत केला, त्याची आहे.

त्या रात्री पहिल्यांदा बसून वाचलं. तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण माहिती नसणं हीच तर माझी सोय होती.

मिंक हा मुंगसासारखा लांबट, चपळ प्राणी आहे, मूळचा उत्तर अमेरिकेचा. नदीकाठी राहतो, एकटा राहतो, उत्तम पोहतो, मासे आणि बेडूक पकडून खातो. रानात एकेक मिंक पाण्याकाठचा काही किलोमीटरचा पट्टा आपला मानून हिंडते. फार्मवर तिला तारेच्या जाळीचा पिंजरा मिळतो. तळसुद्धा जाळीचाच, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि साफ करायला सोपं जातं. युरोपातल्या शिफारशींप्रमाणे प्रौढ मिंकच्या पिंजऱ्याचं क्षेत्रफळ किमान २५५० चौरस सेंटिमीटर हवं. मी हिशोब करून पाहिला. ए-फोर आकाराचे चार कागद शेजारी शेजारी ठेवा, जवळजवळ तेवढीच जागा. सोबत झोपायला एक लाकडी खोकं. वसंतात पिल्लं जन्मतात आणि हिवाळ्याची दाट लव आली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मारली जातात. मिंकना वायूने मारतात, कोल्ह्यांना विजेच्या धक्क्याने. कारण साधं आहे: कातड्यावर ओरखडा नको. पिंजऱ्यातल्या कितीतरी मिंक त्याच कोपऱ्यातून त्याच कोपऱ्यात, त्याच गतीने, तासन्‌तास येरझाऱ्या घालतात.

हे सगळं वाचल्यावर मी जॅकेटची ती पट्टी काढली. ती चेनने लावलेली होती, दहा सेकंदांत निघाली. आणि मग मी आईला फोन केला.

मला वाटतं, आतून मला शाबासकी हवी होती. मी तिला सगळं सांगितलं. पिंजरे, वायू, जमिनीतून वर आलेली प्रेतं. "कशी माणसं असतात ना आई," असंही म्हणालो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "फार वाईट झालं रे. बिचारी जनावरं." जरा थांबून म्हणाली, "तू तिकडे गणपती बसवलास ना यंदा? आजोबांचा कद नेसून?"

"हो. फोटो पाठवले होते की."

"तो कद कशाचा असतो रे?"

"रेशमाचा. पण ते वेगळं आहे, आई."

"वेगळं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीच पुढे म्हणाली, "मी काही तुला नेसू नको म्हणत नाही. माझ्या लग्नाची पैठणीसुद्धा आहेच की कपाटात. पण त्या लोकांना नावं ठेवताना एवढं लक्षात ठेव."

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांना हे माहीत असतं आणि नसतंही. रेशमाचा किडा स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळून कोश करतो. तो धागा शेकडो मीटर लांब असतो. आतून पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो आणि धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडायच्या आधीच कोश वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. कातड्यावर ओरखडा नको म्हणून वायू, आणि धागा तुटायला नको म्हणून वाफ. कारणसुद्धा किती सारखं. ते नेसून आपण सोवळ्यात होतो. पवित्र होतो.

यावर लगेच एक वाट सुचते. पतंग बाहेर पडल्यावर कोश वापरायचे, ज्याला अहिंसा सिल्क म्हणतात. चांगलीच गोष्ट आहे. पण पाळीव रेशीमकिड्याचा पतंग हजारो वर्षांच्या पैदाशीनंतर असा झालाय की त्याला नीट उडता येत नाही आणि तो काही खातही नाही. बाहेर येतो, अंडी घालून काही दिवसांत मरतो. म्हणजे इथेही जादूचं बटण नाही.

ज्या पैठणच्या नाथांनी काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगाजल वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, त्याच पैठणची पैठणी. ही दोन्ही पैठणं मी लहानपणापासून शेजारी शेजारी ऐकत आलो, आणि एकदाही ती एकमेकांसमोर उभी केली नाहीत.

आता आजच्या वाचनाकडे येतो. अहिंसेवर लिहिताना माउली आधी खोट्या अहिंसेची चित्रं काढतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच झाडाभोवती त्या फांद्यांचं कुंपण घालायचं. देऊळ पाडायचं आणि त्याच दगडांनी देवाला आवार बांधायचं. म्हणजे ज्याचं रक्षण करतो म्हणायचं, त्यालाच मोडून रक्षणाचं सामान करायचं. यज्ञात आणि औषधात होणाऱ्या हिंसेबद्दलही ते तिथे स्पष्ट बोलतात. तेराव्या शतकात, आपल्याच धर्माच्या चौकटीत उभं राहून. बाहेरच्यांचं पाप मोजण्यापासून ते सुरुवात करत नाहीत.

हे वाचताना मला दोन्ही दिसले. फार्मवरचा शेतकरी म्हणतो, आम्ही त्यांना वेळेवर खायला देतो, डॉक्टर आणतो, बघा केस कसे चमकतात. आणि मीही म्हणतो, देवासमोर शुद्ध होऊन बसायचंय, म्हणून हे वस्त्र. कुंपण सुबक आहे, पण फांद्या त्याच झाडाच्या आहेत.

मग सगळंच सारखं का? फर काय, रेशीम काय, भजनातल्या मृदंगाचं कातडं काय, सगळ्यांनीच हात बरबटलेत तर कुणी कुणाला काय म्हणावं? इथे खूप जण थांबतात. मीही काही महिने थांबलो होतो. पण नंतर लक्षात आलं की हा विचार दिसतो नम्र, प्रत्यक्षात आळशी आहे. "मीही दोषी" हे म्हणणं खरं असेल तर पुढचं वाक्य "म्हणून मी माझ्यापासून सुरू करतो" असं हवं. "म्हणून सगळं चालू द्या" असं झालं, तर तो दंभाचाच नवा अवतार.

शिवाय सगळं सारखं नाहीच. कोशातल्या किड्याला आणि मिंकला एकसारखं दुःख होतं, असं मी म्हणत नाही. गरज आणि हौस यांतही फरक आहे. ग्रीनलँडचे इन्युट लोक सीलचं मांस खातात आणि कातडं पांघरतात, कारण त्या बर्फात शेती नाही आणि कापूस नाही. युरोपने २००९ मध्ये सीलच्या मालावर बंदी घातली, तेव्हा त्यांच्या पारंपरिक शिकारीला वगळलं. पण कोपनहेगनच्या ऑफिसला सायकलवरून जाणाऱ्या माझ्या टोपीला ती पट्टी नसती तर काय बिघडलं असतं? ती काढल्यापासून कानाला जरा वारा लागतो. एवढंच बिघडलं. एका जिवाचं अख्खं आयुष्य, आणि त्याच्या बदल्यात कानाला लागणारा जरासा वारा. हा सौदा कुठल्याच तराजूत बसत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. २०२१ च्या उन्हाळ्यात, मी परत यायच्या आधी, त्या सहकाऱ्याने मला गावी नेलं. मला संकोच होता, पण गेलो. त्याच्या आईने माझ्यासाठी वेगळं, बिनमांसाचं जेवण केलं होतं. जेवणानंतर त्याच्या वडिलांनी शेड दाखवल्या. लांबच लांब, बुटक्या छपरांच्या रांगा, दोन्ही बाजूंनी उघड्या, आणि आत रिकामे पिंजरे. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. म्हातारे गृहस्थ एकेका पिंजऱ्यावर हात ठेवत चालत होते. मुलगा मला इंग्रजीत सांगत होता.

ते म्हणाले, "आम्ही एकाही जनावराला कधी उपाशी ठेवलं नाही."

मला ते खरं वाटलं. मी विचारलं, "आणि पोहायला पाणी?"

त्यांना प्रश्नाचा राग आला नाही, नवलच वाटलं. म्हणाले, "प्यायला होतं की नळीतून. पोहायला कशाला? त्यांनी नदी कधी पाहिलीच नव्हती. जे पाहिलं नाही त्याची आठवण कशी येईल?"

मी गप्प राहिलो. त्यांच्या दारात, त्यांचं जेवून, वाद घालण्यासारखं ते नव्हतं. पण परतीच्या रेल्वेत ते वाक्य डोक्यातून जाईना.

या प्रश्नावर खरोखर प्रयोग झालाय. जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेलं हे काम २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं. फार्मवरच्याच मिंकना त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांचा पर्याय दिला: कुठे खेळणी, कुठे उंचवटा, कुठे दुसरं खोकं, कुठे पाण्याचं छोटं कुंड. प्रत्येक खोलीच्या दाराला वजन लावलं आणि ते वाढवत नेलं. पाण्याकडे जाण्यासाठी मिंकनी सगळ्यांत जास्त वजन ढकललं. मग कुंडाचा रस्ता एक दिवस बंद केला, तर त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उपाशी ठेवल्यावर वाढतं तितकंच वाढलं.

त्या मिंकना पाणी एकदा दाखवलं होतं आणि मग बंद केलं होतं, असं कुणी म्हणेल. आणि ज्यांना कधी दाखवलंच नाही त्यांचं काय? शास्त्रज्ञ यावर पुढे काय म्हणतात ते त्यांच्याकडे सोडतो. मी भक्ताच्या जागेवरून एवढंच म्हणतो, की "पाहिलं नाही त्याची ओढ कशी असेल" हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

आपण कुणाला पाहिलंय? ज्याच्यासाठी लाखो पावलं दरवर्षी पंढरीची वाट चालतात, त्याला किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय? मूर्ती पाहिली, हो. पण ज्याच्यासाठी रात्री उगाचच घशाशी येतं, सगळं ठीक असताना काहीतरी राहिलंय असं वाटतं, ते आपण कधीच पाहिलेलं नाही. तरी ओढ आहे. किंबहुना संत सांगतात ते हेच, की ती ओढ पाहिल्यामुळे येत नाही. ती घडणीतच आहे. जीव ज्यासाठी घडलाय, त्याच्याकडे तो वळतोच. मिंकच्या पायाच्या बोटांमध्ये थोडं पातळ कातडं असतं, पाणी कापण्यासाठी. नदी तिच्या पायांतच लिहिलेली आहे. ती येरझाऱ्या घालते तेव्हा ती कशाकडे जात असते, हे तिला सांगता येत नाही. आपल्याला तरी कुठे सांगता येतं?

हे कळल्यापासून माझी भूतदया जरा बदलली. आधी ती वरून खाली होती: मी सुखी, ते बिचारे. आता ती शेजारून आहे.

आता पुढचा प्रश्न, जो तुम्ही विचाराल. "दादा, आपल्याकडे फर घालतंय कोण? पुण्या-मुंबईत घामाने जीव जातो. हे आपल्याला कशाला?" अर्धं बरोबर आहे. भारताने जानेवारी २०१७ पासून मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली आहे. पण शाहतूश शाली आपल्याच देशात विणल्या गेल्या. त्या लोकरीसाठी तिबेटच्या पठारावरचे चिरू, म्हणजे तिबेटी काळवीट, मारावे लागतात. एका शालीला तीन ते पाच. आणि आपल्यातले कितीतरी जण आज थंड देशांत शिकतायत, नोकरी करतायत. तुम्ही युरोपात असाल तर जॅकेटचं लेबल वाचा. प्राण्याच्या शरीराचा भाग असेल तर तसं लिहिण्याचं बंधन तिथे आहे. लेबल नसेल तर दोन-चार केस उपटून काडीने जाळून पाहा. खरे केस जळतात आणि केस जळल्याचा वास येतो, कृत्रिम असतील तर वितळून गोळी होते. आणि बदल होतो, हेही लक्षात ठेवा. ब्रिटनने २००० मध्ये फर फार्मविरुद्ध कायदा केला. नेदरलँड्सने २०२४ पर्यंत दिलेली मुदत अलीकडे आणून २०२१ च्या सुरुवातीलाच मिंक पाळणं थांबवलं. नॉर्वेत २०२५ पासून बंद आहे. युरोपात फर फार्म बंद करा या मागणीवर पंधरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. हे सगळं कुणीतरी कंटाळा न करता बोलत राहिल्यामुळे झालं.

पण बोलायचं कसं? इथे मला लक्षणांचा क्रम मदतीला येतो. आधी अमानित्व, मग अदंभित्व, आणि त्यानंतर अहिंसा. मोठेपणा आणि दिखावा सुटल्याशिवाय अहिंसा हातात आली, तर तिचंही शस्त्र होतं. आईला मी जो पहिला फोन केला, त्यात प्राण्यांबद्दल कळवळा होता, पण त्या माणसांना तोडणारा एक सूरही होता. मिंकसाठी रडताना मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला माणसांतून काढून टाकलं होतं. ती नवी हिंसाच झाली.

त्यामुळे आता मी आधी माझं सांगतो आणि मग विचारतो. गेली काही वर्षं मी पूजेला सुती धोतर नेसतो, रोज धुतलेलं. आजोबांचा कद घडी करून ठेवलाय. फेकला नाही, कारण त्यात आजोबा आहेत. नवं रेशीम घरात घेत नाही. लग्नात बायकोच्या घरच्यांशी यावरून जरा कुरबुर झाली, शेवटी तिने सुती इरकल नेसली आणि ती फार सुंदर दिसली. आमच्या भजनी मंडळातल्या मृदंगाला कातडं आहे. त्या मृदंगावर मी ताल धरतो. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. दुधाचंही पूर्ण नाही. माझी वही कोरी नाही, हे सांगूनच मी बोलतो.

एवढं असूनही निराश वाटत नाही, याचं कारण माउलींनी अहिंसेचं पुढे काढलेलं चित्र. ते अहिंसक माणसाची चाल सांगतात. बगळा पाण्यात पाऊल टाकतो तेव्हा तरंगसुद्धा उठू नये म्हणून जपतो. भुंगा कमळावर उतरतो तेव्हा आतला केसर चुरडू नये म्हणून हलका होतो. मांजर आपल्या पिल्लाला दातांतच धरून नेते, पण दात लागू देत नाही. हे तिसरं चित्र मला सगळ्यांत आवडतं. दात तेच आहेत, उंदीर मारणारे. ते काढून टाकलेले नाहीत. पण तोंडात कोण आहे, हे तिला ठाऊक आहे.

लक्ष द्या, माउली चालू नका असं म्हणत नाहीत. एकाच जागी निश्चल बसून राहा, म्हणजे कुणी मरणार नाही, असंही नाही. पावलं टाकायचीच आहेत, जेवायचं आहे, थंडीत पांघरायचं आहे. फक्त प्रत्येक पावलाखाली कोण आहे, हे पाहायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणतो, म्हणजे आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळायची गरजच पडू नये अशी व्यवस्था, ती कोडमध्ये सोय असते. जगण्यात ती धोक्याची आहे. फर फार्म त्याच्यावरच चालतो: ज्याच्या गालाला ती लव लागते, त्याला पिंजरा कधी दिसत नाही. मला वर्षभर दिसला नव्हता.

ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. विकली तर कुणीतरी घालेल, कचऱ्यात टाकवत नाही. दिली त्या माउलीने, म्हणजे मित्राच्या आईने, प्रेमानेच दिली होती, हेही खरं. टेबलाच्या खणात आहे. अधूनमधून खण उघडताना हाताला लागते. फार मऊ आहे. हात लावला की मी मनात दोघांची क्षमा मागतो, तिची आणि त्या रिकाम्या शेडमध्ये हात फिरवत चालणाऱ्या म्हाताऱ्यांची.

आजच्या दिवसासाठी एकच करा. अंगावरची किंवा घरातली कुठलीही एक वस्तू घ्या आणि विचारा, ही कुणाची? दुकानाचं नाव नको, त्याच्या मागे जा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. मग काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि जमलं तर मला कळवा, माझ्या मृदंगाच्या प्रश्नासकट.

उद्याचं लक्षण क्षमा. आजच्या गोष्टीनंतर तिची गरज मलाच जास्त आहे.

राम कृष्ण हरी.